तिसरी कुपी

बैलाला घोडीचं औषध देऊ नये, हे मी खेमसिंगला सांगितलं नव्हतं, कारण असं कोणी करेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी गुरांची डॉक्टर आहे. माणसं गुरांना काय काय करतात ते रोज पाहते. कोणी म्हशीला स्वतःच्या तापाची गोळी भाकरीतून चारतो, कोणी शेळीच्या जखमेवर जुन्या सेलमधली काळी पूड दाबतो. त्यामुळे आपल्याला आता नवं काही पाहायचं राहिलं नाही, असं मला वाटायचं. माझ्या सख्ख्या भावाने, खेमसिंगने, माझा हा गैरसमज त्याच्या मुलीच्या पाठवणीच्या सकाळी दूर केला.

पुष्पा ही खेमसिंगची थोरली. आमचा तांडा दिग्रसपासून अर्ध्या तासावर. आमच्या गोर, म्हणजे बंजारा, लोकांत पाठवणीची एक रीत आहे, ती आता थोड्याच घरांत उरली आहे. नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि हात वर करून हवेली गाते. हवेली म्हणजे निरोपाचं गाणं. बापाचं घर भरलेलं राहो, तांडा नांदता राहो, मला विसरू नका, असं सगळं त्यात येतं. ते नवरीनेच गायचं असतं, रडत रडत, आणि तिच्यामागे बाकीच्या बायांनी रडायचं असतं. पुष्पाने मोबाइलवर असा एक व्हिडिओ पाहिला आणि हट्ट धरला की गाडीत बसण्याआधी मी बैलावर उभी राहूनच हवेली म्हणणार. डीजे तर हवाच होता, वर बैलही हवा.

बैल घरात होता. कवड्या. कपाळावर कवड्या ओवल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणून कवड्या. मी नागपूरला शिकायला गेले त्या वर्षी तो आमच्या गोठ्यात जन्मला, आणि याडीने, म्हणजे माझ्या आईने, तेव्हाच जाहीर केलं की हा लालीच्या हवेलीचा बैल. लाली म्हणजे मी. त्याला औताला जुंपायचं नाही असंही ठरलं होतं. ते अर्थातच पाळलं गेलं नाही. मी डॉक्टर झाले, पुढचं शिकले, परत आले, दिग्रसला दवाखाना टाकला. कवड्या तरणा झाला, पोक्त झाला, म्हातारा झाला. याडी हवेलीचा विषय आधी रोज काढायची, मग सणावारी, मग काढेनाशी झाली. पण पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग ती स्वतःच लावायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. तोंडाने ती एक शब्द बोलायची नाही आणि मला मात्र सगळं ऐकू यायचं.

लग्नाच्या आधी डीजेवाल्याने मांडवात एकदा आवाज लावून पाहिला तर कवड्याने दावं तोडलं आणि थेट नाल्यापलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी खेमसिंग माझ्या दवाखान्यात. एखादी सुई दे म्हणाला, उभ्याउभ्या जरा गुंगीत राहील अशी. मी त्याला झापलं. बैल म्हातारा, दिवस थंडीचे, आणि गाण्यासाठी कोणी जनावराला सुई देतं का? त्यापेक्षा तेवढा वेळ डीजे बंद ठेव, म्हटलं. तो मुकाट्याने गेला. माझा भाऊ मुकाट्याने जातो तेव्हा त्याने दुसरी वाट शोधलेली असते. एवढं तरी मला कळायला हवं होतं.

दुसरी वाट म्हणजे अय्याज. नवरदेवाची घोडी दिग्रसच्या अब्दुल गनींकडची होती. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या घोड्या आहेत. अय्याज त्यांचा धाकटा मुलगा. वरात आदल्या संध्याकाळी लागली होती, घोडी बाभळीखाली बांधलेली होती आणि अय्याज पाठवणीपर्यंत थांबला होता. बँडला घोडी बुजू नये म्हणून हे लोक वरातीआधी तिला मानेत एक सुई देतात. खेमसिंगने त्याला म्हटलं, आमच्या बैलालाही दे थोडी. अय्याज तसा सावध मुलगा. बैल म्हातारा आहे हे पाहून त्याने घोडीच्या निम्मीच दिली. आता हे त्याला कोणी सांगितलं असतं, की त्या औषधाच्या बाबतीत गायबैलाची जात फार हळवी असते, घोडीला जेवढं लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यातच बैल पेंगायला लागतो? पाहायला गेलं तर बैल घोडीपेक्षा थोराडच दिसतो.

मी मांडवात चहा घेत होते. गोठ्याकडून कोणीतरी मला हाक मारली आणि त्या आवाजावरूनच मी कप खाली ठेवला.

कवड्या आडवा पडला होता. अंगावर आरशांची झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ आणि मान ताणून जमिनीवर टाकलेली. तोंडातून लाळ गळत होती. मार्गशीर्षातली सकाळ, खालची जमीन दवाने ओली. पोट डाव्या बाजूने फुगायला लागलं होतं. श्वास इतका सावकाश की एक झाल्यावर दुसरा येतो की नाही याची मी वाट पाहत होते. थर्मामीटर लावला. बैलाचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. कवड्याचं आपल्यापेक्षाही खाली गेलं होतं आणि उतरत होतं.

मग मी काय काय बोलले ते पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. पण बोलता बोलता हात चालू होते. बैलाला आधी छातीवर बसता करायचा, पाय खाली दुमडायचे, नाहीतर पोटातला वारा छाती दाबून त्याचा जीव घेतो. दहा जणांनी जोर लावून त्याला बसवला, दोन्ही बाजूंना सरकीची पोती रेटली. आता ऊब हवी होती. गोधड्या आणा, मी म्हटलं. तेव्हा याडी पहिल्यांदा बोलली. घरात आम्ही गोरबोलीतच बोलतो, इथे मी वऱ्हाडीत लिहिते.

"गोधड्यानं काय होते? कापूस आना."

आतली खोली कापसाने भरलेली होती, अजून विकायचा होता. खेमसिंग क्षणभर थबकला. मग त्यानेच दार उघडलं आणि पहिली पाटी उचलली. मग मांडवातले सगळे लागले. टोपल्यांतून, ओढण्यांतून, नवरदेवाच्या काकाने तर फेटा सोडून त्यातून कापूस आणला. पाहता पाहता कवड्याचं डोकं आणि शिंगं तेवढी बाहेर राहिली. नवरीच्या वेशात पुष्पा त्याच्या तोंडाशी बसून त्याची लाळ पुसत होती. तिचं काजळ गालावर आलं होतं आणि ती एकसारखं म्हणत होती की मला हवेली नको, आत्या, मला काहीच नको.

या औषधावर उतारा असतो, पण तो खेड्यातल्या डॉक्टरच्या पेटीत नसतो. वाघ-बिबटे बेशुद्ध करणाऱ्यांकडे असतो. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला वन खात्यात माझ्या ओळखीचा एकजण होता, त्याला फोन केला. तो बिचारा लगेच निघतो म्हणाला, पण पोचेपर्यंत दुपार होणार होती. कवड्याकडे पाहून दुपारची खात्री मला देता येत नव्हती.

तेवढ्यात अय्याज माझ्यापुढे येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला, हातात फोन.

"डॉक्टरीनबाई, म्या भाईजानले लावला. ते बोलतो म्हंते."

त्याचा भाईजान म्हणजे सैफ. मी फोन कानाला लावला. अशा वेळी सुद्धा माझा हात आधी केसांकडे गेला, हे मी कोणाला सांगणार नव्हते, पण सांगून टाकते.

सैफ आणि मी नागपूरला एकाच वर्गात होतो. पदव्युत्तरला दोघांचा एकच विषय होता. मेंदूच्या तळाशी एक बारीकसा भाग आहे, तिथे एक हार्मोन तयार होतं. पुस्तकात त्याचं मुख्य काम थायरॉइडच्या ग्रंथीला हलवण्याचं सांगतात. पण झोपेच्या औषधाने गुंगलेल्या जनावराला ते दिलं, तर जनावर वेळेआधी डोळे उघडतं, श्वास खोल होतो, अंग थरथरतं आणि उतरलेला पारा वर चढतो. शेळ्यांवर हे पाहायचं काम आमच्याकडे होतं. तो सुई द्यायचा, मी थर्मामीटर धरायची. गंमत अशी की ते हार्मोन झोपेच्या औषधाला शरीरातून काढत नाही. औषध रक्तात तसंच असतं. हार्मोन नुसती हाक मारतं. हाकेचा जोर ओसरला, आणि तो फार लवकर ओसरतो, की शेळी पुन्हा मान टाकते. मला त्या शेळ्यांची दया यायची. सैफ म्हणायचा, दया कसली, तेवढा वेळ तर जागी होती ना.

आम्ही दोघं एकाच डब्यात जेवायचो. हवेलीचं, बैलाचं सगळं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणायचा, आपल्या लग्नात घोडी आमची, बैल तुमचा, बाहेरून काही आणायलाच नको. हे तो इतक्या सहज म्हणायचा की मला ते खरंच सोपं वाटायचं. मग त्याला जर्मनीत संशोधनाची जागा मिळाली. तो म्हणाला, चल. मी म्हटलं, ये. भांडण झालं नाही, कोणी आडवं आलं नाही, घरी सांगायची वेळच आली नाही. तो म्हणत राहिला चल, मी म्हणत राहिले ये, आणि अशी वर्षं गेली. त्याचं लग्न झाल्याचं मला अय्याजकडून कळलं, घोडीचा खूर दाखवायला आला होता तेव्हा. त्या दिवशी मी तो खूर फार मन लावून साफ केला.

वर्षातून एकदा, ईदच्या आसपास, सैफचा फोन येतो. दोन-चार मिनिटं, इकडच्या तिकडच्या. पुढचे काही दिवस मी दवाखान्यात गाणं गुणगुणते, शेळीवाल्या म्हाताऱ्यांशी थट्टा करते. मग सगळं परत पहिल्यासारखं होतं. आपलं काय चाललंय ते न कळण्याइतकी मी अडाणी नाही. या विषयात मी शिकलेली आहे.

"लाली?" फोनवर तो म्हणाला. त्याच्याकडे अजून पहाटेचा अंधार असणार. जर्मनीत इतकी वर्षं काढून त्याची वऱ्हाडी जराही बदलली नव्हती. त्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. किती दिलं, कशात दिलं, पारा किती, श्वास किती, एवढंच विचारलं. उताऱ्याचं मी सांगितलं.

"कुप्या हायेत काय अजून?"

तो हे विसरला असेल असं मी धरून चालले होते. नागपूर सोडताना त्या हार्मोनच्या उरलेल्या तीन कुप्या त्याने मला दिल्या होत्या. ने, तिकडे एखादं जनावर उठत नसलं तर कामी येतील, असं म्हणाला होता. त्या माझ्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यात होत्या. लाइट गेली की मी लसींच्या आधी त्यांच्या भोवती बर्फ भरायची. त्या इतक्या वर्षांत उठत नसलेली जनावरं काही कमी आली नव्हती. प्रत्येक वेळी मला कुपी न काढण्याचं कारण सापडायचं.

"हायेत," मी म्हटलं.

"मंग कायची वाट पाहून राह्यली?"

अय्याजने मला त्याच्या मोटारसायकलवरून दिग्रसला नेलं आणि आणलं. भीतीने तो अशी गाडी हाणत होता की मला पदर दातात धरावा लागला. येताना, कुप्यांचा थंड डबा माझ्या मांडीवर असताना, तो मागे न पाहता बोलला. म्हणाला, भाईजानचा घरी फोन आला की ते तुमचं विचारतात. मी सांगतो, बऱ्या आहेत. कधी विचारतात, बैल आहे का अजून. मला वाटायचं, कोणता बैल? आज समजलं. मी त्याला समोर पाहून चालव म्हटलं. वारा डोळ्यांत जात होता.

कुप्यांतली पूड पांढरी आणि कोरडी होती, वितळून चिकटली नव्हती. पण ती अजून जिवंत आहे की नाही हे कोण सांगणार? तीन मण्यांच्या पोतीएवढी बारीक साखळी असते त्या हार्मोनची, सहज तुटणारी. आणि होती शेळ्यांसाठी, समोर बैल. कवड्याचा श्वास मी गेले होते तेव्हापेक्षा जास्त सावकाश झाला होता. मानेची शीर शोधली. अय्याजने भाईजानला पुन्हा फोन लावला आणि आवाज मोठा करून तो माझ्याजवळ धरला.

पहिली कुपी दिली. काही नाही. दुसरी दिली. याडी कवड्याच्या कपाळावर हात ठेवून बसली होती, पुष्पा तिच्या शेजारी. मांडवातली सगळी माणसं गोल करून उभी होती, आणि डीजेवाला सुद्धा टोपी काढून उभा होता, जसं काही त्याला कोणी सांगितलं होतं. मग कवड्याचा एक कान हलला. मग कापसाचा सगळा ढीग बारीक बारीक थरथरायला लागला.

"कापते काय?" फोनमधून सैफने विचारलं.

"कापून राह्यला."

"कापू दे. त्यानंच गरम होईन तो."

श्वास खोल झाला. थर्मामीटरचा पारा हळूच वर सरकला. औषध जिवंत होतं. इतकी वर्षं बर्फात पडून ते जिवंत होतं. कवड्याने मान उचलली, डोळे उघडले, पुढे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहता पाहता त्याची मान पुन्हा वाकायला लागली. श्वासाची लय पुन्हा लांबली. शेळ्यांच्या बाबतीत मी हे किती वेळा पाहिलं होतं.

"सगळं देल्लं?" सैफने विचारलं.

तिसरी कुपी माझ्या डाव्या मुठीत होती. खरं सांगायचं तर मी ती डब्यातून बाहेर काढली तेव्हाच मुठीत वेगळी धरली होती. बैलाला दोनही पुरतील, असं मी स्वतःला सांगत होते, आणि मी या विषयात शिकलेली आहे.

"लाली," तो हळू आवाजात म्हणाला, "एक ठेवली असंन तूनं. दे ते बी."

सगळ्यांसमोर म्हणाला. कोणाला काही कळलं नाही, कदाचित याडी सोडून. कुपी मुठीत गरम झाली होती. मी ती फोडली, पाणी भरलं, ढवळलं आणि शेवटचा थेंबसुद्धा कवड्याच्या शिरेत जाऊ दिला. माझे डोळे वाहत होते. लोकांना वाटलं असेल, बाईचा बैलावर फार जीव आहे. होताच.

कवड्या उठला. बैल उठतात तसा, आधी मागचे पाय, मग गुडघे, मग पुढचे. कापूस त्याच्या पाठीवरून धबाधबा खाली पडला. झुलीच्या आरशांना, गोंड्यांना, शिंगांना कापसाचे पुंजके चिकटलेले. तो झोकांडला, मी आणि खेमसिंगने दोन्ही बाजूंनी खांदा दिला. मला ठाऊक होतं की हा वेळ थोडा आहे. मी पुष्पाला म्हटलं, बैलावर चढायचं नाही, त्याच्या वशिंडावर हात ठेव आणि म्हणायचं असेल तर आत्ता म्हण.

तिने म्हटली. पोरीने ही चाल व्हिडिओवरून उचललेली होती, मधेच विसरली, तिथे याडीने पुढचा शब्द दिला. पण गळा खरा लागला होता. तांड्यातल्या म्हाताऱ्या बाया एकेक करून पुढे आल्या आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. खेमसिंग कवड्याच्या मानेमागे तोंड लपवून रडत होता, बैलाला टेकू देण्याचं निमित्त त्याला बरं सापडलं होतं. कवड्या स्थिर उभा होता. इतका स्थिर तो कुठल्याही सुईने उभा राहिला नसता.

गाणं संपलं तेव्हा फोन अजून चालू होता. अय्याजने तो माझ्या हातात दिला.

"कोन म्हणून राह्यली होती?" सैफ म्हणाला.

"पुष्पा. खेमसिंगची."

"घोडी हाय काय तिथं, अय्याजची?"

"हाय. बाभळीखाली बांधली हाय."

"अन्‌ बैल?"

"उभा हाय."

पलीकडे कुठेतरी एक दार वाजलं, एक लहान मुलगी 'अब्बा' म्हणून जर्मनमध्ये काहीतरी विचारत होती.

"मंग सगळंच होतं की," तो म्हणाला. "कशफ उठली. ठेवतो आता."

त्याने ठेवला. मी फोन अय्याजला परत दिला आणि त्याच्या दंडावर हात ठेवून म्हटलं, जा, काही झालं नाही, घोडीला पाणी दाखव. त्या पोराचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं मी बैलाबद्दल बोलते आहे.

पुष्पाची गाडी गेली. धूळ खाली बसायच्या आत कवड्याने पाय दुमडले आणि तो आपणहून छातीवर बसला, मान बाजूला वळवून झोपला. मी घाबरले नाही. पारा टिकून होता, श्वास चांगला होता. रवंथ सुरू झाला की बैल सुटला म्हणायचं, तेवढंच बाकी होतं. आता त्याला हाक मारायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. घोडीचं औषध त्याच्या रक्तातून आपल्या चालीने कमी होत होतं, आणि मी त्याच्याभोवती पुन्हा कापूस सारला आणि शेजारी बसून राहिले. मांडवाचे खांब निघाले. डीजेची गाडी गेली. बायांनी पत्रावळी गोळा केल्या. ऊन कलायला लागलं.

वन खात्यातला माणूस उतारा घेऊन आला तेव्हा कवड्या स्वतःच उठत होता. या वेळी कोणी हाक मारली नव्हती. मी त्या माणसाची माफी मागितली, त्याला लग्नातलं उरलेलं पोटभर जेवू घातलं आणि परत पाठवलं. खेमसिंग माझ्या समोर यायचं टाळत होता. त्याला काय बोलायचं ते मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं, आणि बोललेही.

अंगणात आता याडी, मी आणि कवड्या. याडी त्याच्या झुलीला चिकटलेला कापूस पुंजका पुंजका करून वेचत होती.

"लाली," ती म्हणाली, "बैल उभा हाय."

"दिसून राह्यला मले."

"मंग म्हण."

मला कळलं नाही असं मी दाखवलं. पण याडीपुढे ते चालत नाही. तिने कापूस वेचणं थांबवलं नव्हतं, माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

"कायले, याडी? म्या कुठी चालली?"

"कुठीच नोको जाऊ," ती म्हणाली. "मले ऐकाची हाय."

मी कवड्याच्या वशिंडावर हात ठेवला. ते गरम होतं, बैलाचं असायला हवं तेवढं. हवेली मला सगळी पाठ होती. आपल्याला ती येते हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आवाज निघाला, फाटका, डॉक्टरचा, गुरांवर ओरडून राठ झालेला. बापाचं घर भरलेलं राहो, तांडा नांदता राहो. घरातून कोणी जात नव्हतं, गाडी उभी नव्हती, माझ्या अंगावर सकाळचीच मळलेली साडी होती. पण मला विसरू नका या ओळीवर आले तेव्हा मला समजलं की मी कोणाला निरोप देते आहे. इतकी वर्षं तो गेलेला होता आणि मी त्याला कधी पाठवलंच नव्हतं. मी ती ओळ पुन्हा म्हटली, नीट, शेवटपर्यंत.

याडी नवरीच्या आईने रडावं तशी मोठ्याने रडली. मांडवात पुष्पासाठी ती रडली नव्हती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिने माझ्या गळ्यात हात टाकला आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. आमच्या बाजूला कवड्याने एक मोठा उसासा सोडला, आणि मग त्याचा जबडा सावकाश इकडून तिकडे हलायला लागला. तो रवंथ करत होता.